पिशवी भरून ठेव

मी काय काम करतो हे आमच्या घरात अजून एकमतानं ठरलेलं नाही. बायको शेजारणींना सांगते, "ते फोनवर असतात." मुलगी कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'जनसंपर्क' लिहिते आणि लिहिताना तोंड वाकडं करते. माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणतो, ती तिच्या सासरी चकलांब्याला सगळ्यांना सांगायची, "भाऊ बीडला सायबाच्या मोबाईलमधी कामाला हाय." तिघींत तिचंच म्हणणं खऱ्याच्या जास्त जवळ होतं.

साहेब म्हणजे आमच्याकडचे एक पुढारी. नाव सांगत नाही. त्यांच्यासाठी मी आधी प्रेसनोटा लिहायचो. 'यावेळी मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते' हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर आज एखाद्या मठात गादीवर असतो. मग फ्लेक्स आले. कुणाचं डोकं वर, कुणाचं खाली, कुणाचं सुपारीएवढं आणि कुणाचं भोपळ्याएवढं, यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. मग सगळंच फोनमध्ये गेलं, आणि केस पांढरे व्हायच्या वयात मला नव्यानं शाळेत बसावं लागलं.

ती शाळा म्हणजे संभाजीनगरच्या एका हॉटेलातलं दोन दिवसांचं शिबिर. शिकवणारी बाई माझ्या निम्म्या वयाची. तिनं सांगितलं, लोक पहिल्या तीन सेकंदांत ठरवतात की थांबायचं का पुढं सरकायचं. तिनं सांगितलं, आता आवाजाचे दिवस आहेत, माणसाच्या कानाशी घरचं कुणीतरी बोलतंय असं वाटलं पाहिजे. आणि सांगितलं, खाली लिहिलेलं कोणी वाचत नाही. मी वही भरून आणली. पुढं मीच तालुक्यातालुक्याला जाऊन पतसंस्थांची, शाळांची, दवाखान्यांची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या लोकांना हेच शिकवायला लागलो. 'खाली लिहिलेलं कोणी वाचत नाही' म्हटल्यावर मी जरा थांबायचो. लोक हसायचे. मला फार बरं वाटायचं.

आता पंचमीचं सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं.

आमच्याकडं नागपंचमी हा लेकींचा सण. लग्न झालेली लेक पंचमीला माहेरी येते, पण आपल्या पायानं येत नाही. तिला न्यायला कुणीतरी जावं लागतं, बाप नाहीतर भाऊ. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात येऊन बसतो, गल्ली त्याला बघते, चहापाणी होतं, मग लेक पिशवी उचलते. बसनं एकटी निघून आलेल्या बाईला माहेर आहे असं कुणी धरत नाही.

आबा, म्हणजे आमचे वडील, होते तोवर दर सालाला मुराळी व्हायचे. आमचं गाव नेकनूरकडचं. आठ दिवस आधी ते अक्काच्या सासरकडं, गेवराईकडं जाणाऱ्या कुणाच्याही हाती निरोप धाडायचे, आणि निरोप एकच असायचा: 'अक्काला म्हणावं, पिशवी भरून ठेव. आदल्या दिवशी येतो. झोका बांधलाय.' झोका खरंच बांधलेला असायचा, लिंबाला, मोटेच्या नाड्याचा. स्वतःच्या लेकीला तेही अक्काच म्हणायचे. मी म्हणायला लागलो म्हणून सगळं घर तसंच म्हणायला लागलं होतं. आई गेली, मागोमाग आबा गेले, गावचं घर बंद झालं आणि अक्काचं माहेर म्हणजे बीडमधल्या माझ्या दोन खोल्या उरल्या. तिथं झोका टांगायला गॅलरीची सळई आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात.

मला न्यायला जाणं जमेना. कारण खरं होतं, पण ते सांगताना मला आजही खाली बघावं लागतं. पंचमी, राखी, पोळा, गणपती हा आमच्या धंद्यातला हंगाम. सगळ्या जिल्ह्याच्या बहिणींना साहेबांकडून शुभेच्छा पोचवायच्या असतात, त्यात स्वतःची राहून जाते. मी दर साली फोन करायचो, "अक्का, ये ना गं, बस तर दारावरून हाय." ती म्हणायची, "बघते की." ती काही बघत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या साली साहेबांनी दिंद्रुडला पंचमीचा मोठा मेळावा ठेवला. झोके, मेंदी, बांगड्या, वर लाईव्ह प्रक्षेपण. मला बोलावून म्हणाले, "बायांच्या काळजाला हात घालणारं कायतरी पाहिजे. निसतं हार्दिक शुभेच्छा नको."

मी म्हणालो, "साहेब, व्हॉइस मेसेज करू. वीस सेकंदांचा. भाऊ बहिणीशी बोलतोय असा."

"ताई म्हणायचं का?"

"ताई सगळेच म्हणतेत. आपण अक्का म्हणू. वेगळं वाटंल."

साहेबांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. घरी येऊन मी कागद पुढं घेतला तर अर्धा तास काही सुचेना, आणि मग एका दमात सुचलं. सुचलं कसलं, आठवलं. 'अक्का, पंचमी आली. पिशवी भरून ठेव. आदल्या दिवशी न्यायला येतो. झोका बांधलाय.' वाचून बघितलं. पहिल्या तीन सेकंदांत पकडणारं होतं. माझी छाती फुगली. बापाची एकुलती एक इस्टेट मी अशी साहेबांच्या नावावर केली आणि वर स्वतःची पाठ थोपटली.

आमच्यात पद्धत अशी की कुठलीही गोष्ट हजारो लोकांना पाठवायच्या आधी चार घरच्या माणसांना नमुना पाठवायचा. आवाज नीट येतो का, लांबतं का, कळतं का. माझ्या नमुन्याच्या यादीत चार नंबर होते: बायको, मेव्हणा, एक जुना वार्ताहर मित्र आणि अक्का. अक्काला मीच त्यात घातलं होतं, कारण गावाकडची बाई काय म्हणते ते कळावं. साहेबांचा घसा त्या दिवशी बसला होता म्हणून नमुना मी माझ्याच आवाजात भरला. तो पाठवला आणि खाली नीट लिहिलं: 'हा फक्त नमुना आहे. साहेबांच्या आवाजात पुढे जाईल. ऐकून कसं वाटलं कळवा.'

अक्काची शाळा दुसरीत सुटली. सुटायचं कारण मी. आईबाप शेतात जायचे आणि मला सांभाळायला घरी कुणीतरी लागायचं. ते कुणीतरी म्हणजे अक्का. मला कडेवर घेऊन ती शाळेच्या भिंतीशी उभी राहायची आणि आतले पाढे म्हणायची. पाढे तिला आजही येतात. वाचता येत नाही.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ते त्या घटकेला माझ्या डोक्यात नव्हतं, आणि धंद्याचं सगळं होतं.

मेव्हण्यानं अंगठा पाठवला. मित्रानं लिहिलं, 'झोका शब्दावर जरा थांब.' बायकोनं स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं, "आवाज घोगरा येतोय. अन आपल्या घरी कुठला झोका?" दुपारी अक्काचं उत्तर आलं, तेही आवाजातच. आधी एक लांब श्वास, मग, "बरं. वाट बघते."

मला वाटलं, अक्कानं बरोबर ओळखलं. आपला भाऊ काय करतोय ते तिला कळलं आणि तिनं बहिणीचं उत्तर कसं येईल ते म्हणून दाखवलं. एवढा शहाणा माणूस मी. संध्याकाळी साहेबांच्या बैठकीत मी तो मेसेज सगळ्यांना ऐकवला. म्हणालो, "बघा, प्रतिसाद कसा येतोय ते."

दोन वेळा ऐकून साहेब म्हणाले, "ह्याच्यात लई जीव हाय. ही बाई कोण?"

"घरचीच आहे."

"मग हे शेवटाला जोड की. माझं बोलणं झालं की ही बोलंल."

मी जोडलं. अक्काला विचारायचं सुचलं नाही. घरचीच होती ना.

ते सगळीकडं गेलं. साहेबांच्या आवाजात आबांचा निरोप, त्यावर अक्काचं 'बरं, वाट बघते', आणि पडद्यावर साहेबांचा हसरा फोटो व झोक्याचं चित्र. दुसऱ्या पुढाऱ्यांच्या लोकांनी फोन करून विचारलं, कुणाकडून लिहून घेतलं. मी नम्रपणे सांगितलं, आतून आलं.

पंचमीच्या दिवशी मी दिंद्रुडच्या मांडवात होतो. बाया ट्रॅक्टरातून, जीपांतून आल्या होत्या. पोरी उंच झोके घेत होत्या, कॅमेरावाला खाली मांडी घालून आभाळासकट त्यांना टिपत होता. दुपारी बायकोचा फोन आला. तिनं सणाचं बोलायला म्हणून अक्काकडं फोन केला होता आणि तो उचलला होता अक्काच्या सुनेनं.

बायको म्हणाली, "तुमी अक्काला न्यायला येतो म्हणलात?"

"न्हाई. कावून?"

"तिची सून सांगतीय, आत्याबाई कालपासून ओट्यावर बसल्यात पिशवी घेऊन. काल सांजेला आत आणलं त्यांना. आज सकाळी आंघोळ करून पुन्हा जाऊन बसल्या. विचारतीय, मामा कुठवर आलेत."

मी म्हणालो, "ते नमुन्याचं होतं. खाली लिहिलं होतं मी."

बायको म्हणाली, "कुणाला लिहिलं होतं?"

आता इथं मला जे सांगायचं आहे ते सांगतो, कारण बाकीचं सगळं चूक म्हणून खपेल, हे खपणार नाही. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दिंद्रुडहून चकलांब्याला मोटारीनं दिवस मावळायच्या आत पोचता आलं असतं. पंचमी अजून संपली नव्हती. मांडवामागं साहेबांच्या पाच गाड्या उभ्या होत्या, एक मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. चार वाजता साहेब लाईव्ह बोलणार होते आणि पडद्यावर कुठली वाक्यं कधी यायची ते माझ्या हातात होतं. मी बायकोला म्हणालो, "तू तिला सांग, उद्या येतो." बायको म्हणाली, "तुमीच सांगा." मी सांगितलं नाही. चार वाजता साहेब बोलले. बहिणीच्या डोळ्यात पाणी येऊ देणार नाही, हे वाक्य माझं होतं. ते बरोबर वेळेवर पडद्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी बसनं गेवराई आणि तिथून चकलांबा. हातात बीडच्या दुकानातला पेढ्यांचा पुडा.

अक्का ओट्यावर नव्हती. आत शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. भांडली असती तर मला बोलायला जागा मिळाली असती. मी म्हणालो, "अक्का, ते साहेबांचं होतं. नमुना होता. खाली लिहिलं होतं."

"आसंल की."

"तुला आधी सांगायला पाहिजे होतं."

"परवा कळलं मला," ती म्हणाली. "ओट्यावर बसले होते तर शेजारच्या पोरीनं मोबाईल लावला. तुझा सायेब आबांचं बोलत होता. म्हणलं, ह्याला कुणी सांगितलं आबा काय म्हणायचे ते. मग शेवटाला मीच बोलले." तिनं एक शेंग फोडली. "माझाच आवाज मला वळकू येईना. पोरगी म्हणली, काकू ही तुमच्यावाणीच बोलतीय."

"मग तवाच उठायचं ना गं आत."

"तवा कळलं होतं. तरी बसले. दुसऱ्या दिवशी पण बसले." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "म्हणलं, चुकून का व्हईना, बोललाय तर येईल. आवाज तर त्याचाच होता."

मी पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला. एवढंच करण्यासारखं होतं.

मग मी म्हणालो, "चल अक्का. आत्ता चल. चार दिवस राहा." खरं सांगतो, मनापासून म्हणालो. पण माझ्या आवाजाचं असं झालं आहे की मनापासूनचं आणि कामाचं एकाच चालीत येतं.

"पंचमी झाली," ती म्हणाली. "आता काय न्यायला आलास? लोक म्हणतील, हिला आधी नेलं न्हाई अन आता नेतेत, घरात कायतरी झालं आसंल."

सून चहा घेऊन आली. अक्का आत गेली आणि तीच पिशवी घेऊन बाहेर आली. अजून भरलेलीच होती. तिनं ती खाटेवर पालथी केली. तिची दोन लुगडी काढून बाजूला ठेवली. उरलं ते सगळं आमचं निघालं. बायकोसाठी हिरव्या बांगड्या, कागदात गुंडाळलेल्या. मुलीसाठी ड्रेसचं कापड. लाह्या, फुटाणे. आणि कापडात बांधलेली पुरणाची दिंडं, वास लागलेली. पंचमीला तवा ठेवत नाहीत, आमच्याकडं दिंडं उकडतात, ती तिनं आदल्या दिवशीच करून घेतली होती, वाटेत खराब होऊ नयेत म्हणून ओल्या फडक्यात. फडकं वाळून कडक झालं होतं. दिंडं तिनं बाजूला सारली, बाकीचं पुन्हा पिशवीत भरलं आणि पिशवी माझ्या पायाशी ठेवली.

"घेऊन जा."

मी पिशवीला हात घातला आणि उठायला लागलो, तर ती म्हणाली, "आत्ताच न्हाई. बाहीर जाऊन ओट्यावर बस."

"कशाला?"

"बस तासभर. गल्लीला दिसू दे, भाऊ आलता म्हणून. दोन दिवस त्या बाया मला बघत होत्या. आता तुला बघू देत."

मी पंचवीस वर्षं लोकांना दिसण्याचं काम करतो. कोण कुठं बसला म्हणजे कुणाला दिसतो, किती वेळ दिसला म्हणजे ध्यानात राहतो, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. मी बाहेर गेलो आणि ओट्यावर बसलो, रस्त्याकडं तोंड करून. भिंतीशी बसलो होतो तर आतून अक्का म्हणाली, "म्होरं सरक. दिसंना गेलास." मी पुढं सरकलो.

बाया आल्या. नळाला जाणाऱ्या, तिथून परत येणाऱ्या, काही काम नसताना आलेल्या. एक समोर थांबून अक्काला म्हणाली, "आला का गं भाऊ? पंचमी करून आला जणू."

अक्का दारात आली. "त्याला येळ असतो का बाई? मोठं काम हाय त्याचं. तरी आला बघ. चल चल म्हणून मागं लागलाय. मीच म्हणले, शेंगा फोडायच्या राहिल्यात, न्हाई येत."

ती बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्या सायबाचं ते लई गोड हाय बघा, अक्का पिशवी भरून ठेव. आमच्या घरात तिघी जणी रडल्या. अन ती शेवटाला बोलती ना, ती हिच्यासारखीच बोलती."

मी तोंड उघडलं. माझ्या आधी अक्का म्हणाली, "ती हुबेहूब माझ्यावाणीच हाय. पण मी कशाला बोलू मोबाईलमधी?"

बाई गेली. अक्का आत गेली नाही, उंबऱ्यावर टेकली. तिथूनच म्हणाली, "तुझं ते बोलणं माझ्या मोबाईलमधून काढू दिलं न्हाई मी. पोरगा म्हणत होता, जागा भरली, काढून टाकू. न्हाई म्हणले."

मला वाटलं, थोडं माफ केलं असावं. मी म्हणालो, "माझा आवाज ठेवलास व्हय?"

"तुझा न्हाई. आबांचा हाय तो. तू मोठा झाल्यापसनं तसाच बोलतोस, तुला ठावं न्हाई. झोका बांधलाय म्हणलास ना, तिथं आबाच हायेत." मग म्हणाली, "तुझ्या तोंडून निरोप नको मला. यायचं आसलं तर नुसतं येत जा."

तास झाला तेव्हा तिनंच उठवलं. "जा आता. लई झालं. सगळ्यांनी बघितलं."

मी पिशवी उचलली आणि स्टँडकडं निघालो. वाटेत दोन माणसांनी रामराम घातला, एकानं विचारलं, पाहुणे कुणाकडं आलते. मी मोठ्यानं सांगितलं. बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली. बांगड्या फुटू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरावी लागली, त्यामुळं खिशात फोन वाजत राहिला तरी काढता आला नाही. साहेब मेळाव्याचं विचारत असणार. गेवराईपर्यंत तो वाजत होता.

घरी बायकोनं बांगड्या लगेच हातात भरल्या. मुलीनं कापड उलगडून बघितलं आणि म्हणाली, "आत्या यायच्या होत्या ना?" मी म्हणालो, "पुढल्या साली." ते ऐकून बायकोनं मान वर केली. मला कळलं तिला काय म्हणायचंय ते.

आता पंचमी दहा दिवसांवर आली आहे. साहेबांना यंदाही तसलंच काहीतरी पाहिजे. मी सांगितलंय, यंदा दुसऱ्याकडून लिहून घ्या. त्यांनी हसून विचारलं, "आतून येईना का आता?" मी हो म्हणालो. रजेचं अजून त्यांच्याशी बोललो नाही; ऐनवेळी मागेन का, याचा मलाच भरवसा नाही. अक्काला फोन केलेला नाही. न कळवता जायचं आहे. गेलो तर ती येईल का, हे मला माहीत नाही. ओट्यावर कुठं बसलं म्हणजे रस्त्यावरून दिसतं, तेवढं मात्र आता माहीत आहे.